गाठीऐवजी सांधा : शिडाच्या होडीचा दोर तयार करताना

मागच्या उन्हाळ्यात पुतण्या मुंबईहून शिडाची होडी चालवायचं पहिलं शिक्षण घेऊन गावी आला. आमचं गाव सारंगखेड्याजवळ, तापीच्या काठावर. बॅरेजचं पाणी अडल्यापासून नदीला वर्षातले बरेच महिने तळ्याची कळा असते. ते पाणी पाहून त्याच्या डोक्यात होडीचं वेड शिरलं. मी म्हटलं, बाबा, पाण्यात उतरायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागेल, लाइफ जॅकेट लागेल, होडी लागेल. तोवर दोर शिकून घे, त्याला पाणी लागत नाही. ओट्यावर बसून होतं.

मग बारा मिलिमीटरचा दोर घेऊन आम्ही ओट्यावर बसलो. दोराच्या टोकाला फास तयार झाला तेव्हा शेजारचे आबा आले. त्यांचं सगळं आयुष्य दावी आणि कासऱ्यांत गेलेलं. फास उलटासुलटा करून त्यांनी विचारलं, "गाठ कोठे शे रे?"

गाठ नव्हतीच. दोराचे पेड उकलून त्याच दोराच्या पोटात विणले होते. जहाजावर याला स्प्लाइस म्हणतात, मी इथे सरळ सांधा म्हणतो. मी पंधरा वर्षं मालवाहू जहाजांच्या डेकवर काढली. आमच्या सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, पहिल्याच आठवड्यात गावाचं नाव विचारलं आणि म्हणाला, "सारंगखेड्याचा? मग तू जन्मतःच सारंग!" त्यानंतर महिनाभर त्यानं माझ्याकडून सांधे घालून घेतले आणि रोज संध्याकाळी उसवून टाकले.

आबांनी पुढे विचारलं, गाठ मारली तर काय बिघडतं? बिघडतं असं की गाठीत दोर एकदम वाकतो. वाकाच्या बाहेरच्या बाजूचे धागे ताणले जातात, आतले सैल पडतात, म्हणजे सगळा भार मोजक्या धाग्यांवर येतो. म्हणून भार वाढला की दोर तुटतो तो बहुतेक वेळा गाठीपाशीच. बोलाइनसारखी (टोकाला न सरकणारा फास करायची) चांगली गाठसुद्धा दोराची साधारण ६० ते ७० टक्के ताकद शिल्लक ठेवते. नीट घातलेल्या सांध्यात ९० टक्क्यांच्या आसपास उरते. शिवाय गाठ कप्पीत अडकते, शिडाच्या कापडावर घासते, आणि सैल पडली तर सुटते.

हे मला जहाजावर शिकवलेलं होतं, तरी घरी येऊन मी विहिरीतला पंप निळ्या दोराला दोन गाठी मारून सोडला. आळस, दुसरं काय. निळा दोर गुळगुळीत असतो, पंप सुरू झाला की थरथरतो, आणि थरथरीनं गाठ थोडी थोडी सरकते. तिसऱ्या दिवशी पंप तळाला. तिकाटणं उभं करून, चेन पुली लावून, गळ टाकून तो बाहेर काढेपर्यंत अख्खा दिवस गेला. आज तोच पंप सांध्याच्या फासावर लटकतो आहे.

आधी दोर ओळखा

आपल्याकडे दुकानात किलोवर मिळणाऱ्या प्रत्येक दोराला नायलॉनच म्हणतात. होडीसाठी तेवढी ओळख पुरत नाही. बादलीभर पाण्यात वीतभर तुकडा टाका आणि दाबून त्यातली हवा काढा. तरंगला तर तो बहुतेक पॉलिप्रॉपिलीन. निळा, पिवळा, स्वस्त असतो तो बहुधा हाच. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. या दोघांतला फरक ताणून कळतो. एक टोक निंबाला बांधा आणि दोघांनी ओढा. नायलॉन लवचिक, चांगलाच लांबतो आणि सोडल्यावर परत येतो. पॉलिएस्टर फारसं दाद देत नाही.

या ताणावरच कोणता दोर कुठे लावायचा ते ठरतं. नांगराला नायलॉन बरा, कारण लाटेचा किंवा वाऱ्याचा झटका तो स्वतः पिऊन टाकतो आणि होडीला हिसका बसत नाही. शीड वर चढवायच्या दोराला नायलॉन लावलात तर वारा वाढला की दोर लांबेल आणि शीड खाली सैल येईल. तिथे पॉलिएस्टर हवं. या चढवायच्या दोराला हॅलियार्ड म्हणतात. शिडाचा खालचा कोपरा ओढून वाऱ्याशी जुळवायचा जो दोर, त्याचं नाव शीट. नवा माणूस हमखास फसतो ते इथेच, कारण शीट म्हटलं की त्याला कापड वाटतं. पुतण्याचे शिक्षक "शीट सोड" म्हणून ओरडले तेव्हा हा शीड हातात धरून उभा होता.

पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, म्हणून पाण्यात फेकून कुणाला ओढायच्या दोरासाठी ते चांगलं. बाकी कामाला मी त्यावर भरवसा ठेवत नाही. उन्हानं ते मरतं. आपल्या घराच्या धाब्यावर दोन वैशाख पडून राहिलेला निळा दोर हातात चोळून बघा, बोटांना भुकटी लागते.

अंबाडी, ताग, घायपात यांचे दोर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वळले गेले. हे काम मातंग समाजातल्या कारागिरांच्या हातचं. पोळ्याला बैलांचे नवे कासरे, म्होरक्या त्यांच्याकडूनच यायच्या. सांधा शिकायला हे दोर उत्तम, कारण ते खरखरीत असतात आणि पेड सरकत नाहीत. होडीवर मात्र ते ओले राहिले की कुजतात. जाता जाता केळीवाल्या भागातल्या वाचकांसाठी सांगतो : जहाजांवर ज्याचा एकेकाळी दबदबा होता तो मनिला दोर अबाका नावाच्या झाडाच्या धाग्याचा. अबाका ही केळीचीच सख्खी चुलत बहीण, फिलिपिन्समधली. आपल्या खाण्याच्या केळीच्या खोडातूनही धागा निघतो, पण त्याच्या दोरावर शीड टांगू नका.

पीळ समजून घ्या

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण दोर वळणाऱ्यानंच केली असणार. तीन पेडी दोराची सगळी ताकद पिळात आहे. धागे एका दिशेनं पिळून पेड होतो, म्हणून पेड मोकळा सोडला तर तो उलट फिरायला बघतो. असे तीन पेड उलट दिशेनं एकत्र वळले की प्रत्येकाची सुटायची ओढ दुसऱ्याला घट्ट करते. म्हणून दोर टिकतो. नायलॉनचा सुंभ जळाला तर वितळून गोळा होतो, पीळही जातो, ते सोडा.

दोर हातात उभा धरा. पेड खालून डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसले तर तो उजव्या पिळाचा. बाजारातले बहुतेक दोर असेच. पुढे सांगितलेल्या सगळ्या दिशा उजव्या पिळासाठी आहेत. असा दोर गुंडाळताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायचा. उलटा गुंडाळलात तर त्यात फुगे येतात, पेड बाहेर उसळतात, आणि अशी जागा नंतर कधीच पूर्ववत होत नाही.

सामान

जहाजावर पेड उघडायला फिड नावाची निमुळती लाकडी खुंटी असते. आपल्याकडे जुन्या जुवाची मोडकी शिवळ सापडली तर तासून घ्या. बाभूळ किंवा अंजनाची असेल तर गुळगुळीत होईपर्यंत घासली की पिढीभर टिकेल. वीतभर लांब, एक टोक अंगठ्याएवढं, दुसरं पेन्सिलीसारखं पण बोथट. टोकदार ठेवलं तर ते पेडाच्या मधून न जाता पेडात घुसतं आणि धागे तोडतं. लोखंडी सळई याच कारणानं मला आवडत नाही.

याशिवाय धारदार चाकू, वायरमनची काळी टेप, मेणबत्ती, पोती शिवायचं दाभण, आणि मोच्याकडे मिळतो तो मेण लावलेला दोरा. फासाच्या आत घालायला थिंबल, म्हणजे थेंबाच्या आकाराची स्टीलची खोबण. थिंबल दोराच्या जाडीची घ्या. ती नसेल तर फास कडीवर घासून आतून झिजतो. होडीवर स्टेनलेस घ्यावी, विहिरीच्या कामाला जस्ताचा मुलामा दिलेली चालते.

टोक आवळणं

सांध्याआधी हे शिका, कारण टोक मोकळं राहिलं तर दोर हातभर उकलतो. कृत्रिम दोराचं टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करता येतं. पण वितळलेलं नायलॉन बोटाला लागलं तर ते चिकटून जाळतं, झटकून निघत नाही. म्हणून बोटानं दाबू नका, ओल्या लाकडावर दाबा. शिवाय वितळवलेलं टोक कडक होतं, तडकतं, आणि धावत्या दोराला असेल तर तळहात कापतं. म्हणून वरून दोऱ्यानं आवळायचंच.

सगळ्यात सोपी पद्धत सांगतो. मेणाचा दोरा टोकापासून बोटभर आत, मधोमध ठेवा. समोरून अर्धी गाठ आवळा. दोन्ही टोकं मागे न्या, मागून अर्धी गाठ आवळा. पुन्हा समोरून. असं करत दोराच्या जाडीच्या दीडपट लांबी भरा. बारा मिलिमीटरच्या दोराला सुमारे १८ मिलिमीटर. शेवटी पक्की दुहेरी गाठ मारा आणि दाभणानं टोकं पेडांच्या मधून आत घाला. एक अर्धी गाठ घासून तुटली तरी बाकीच्या धरून राहतात.

डोळ्याचा सांधा

आता मुख्य काम. फासाला जहाजी भाषेत डोळा म्हणतात. हा एक सांधा हातात बसला की बाकीचे त्याचीच भावंडं आहेत.

दोराच्या टोकापासून दीड वीत, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या आसपास अंतरावर टेपचा एक घट्ट वेढा घाला. बारा मिलिमीटरच्या दोराला एवढं पुरतं. जाड दोर असेल तर जाडीच्या २५ पट धरा. आता टोकापासून टेपपर्यंत तिन्ही पेड उकला. प्रत्येक पेडाच्या टोकाला वेगळ्या रंगाची टेप लावा : लाल, हिरवी, पिवळी. रंगांची ही युक्ती आमच्या सारंगाला मान्य नव्हती, तो म्हणायचा बोटांना कळलं पाहिजे. मला वाटतं पहिल्या दहा सांध्यांना डोळ्यांनी मदत केली तर काही बिघडत नाही.

दोर मांडीवर किंवा ओट्यावर असा ठेवा की फास तुमच्याकडे आणि लांब दोर तुमच्यापासून दूर जातोय. थिंबलला वेढा घालून उकललेलं टोक लांब दोराच्या पाठीवर आणा, म्हणजे तिन्ही पेड दूरच्या दिशेनं पसरतील. मधला पेड लाल, त्याच्या डावीकडचा हिरवा, उजवीकडचा पिवळा असं धरू.

लांब दोर पिळाच्या उलट थोडा फिरवला की त्याचे पेड सैल होतात. वर दिसणारा एक पेड खुंटीनं उचला आणि त्याच्याखालून लाल पेड उजवीकडून डावीकडे काढा. खुंटी काढायच्या आत पेड ओवा, नाहीतर वाट बंद होते.

हिरवा पेड त्या उचललेल्या पेडावरून न्या आणि त्याच्या डावीकडच्या पुढच्या पेडाखालून काढा. म्हणजे लाल जिथून बाहेर आला तिथूनच हिरवा आत शिरतो. दिशा तीच, उजवीकडून डावीकडे.

आता सगळं उलटं करा. फास तसाच तुमच्याकडे राहील, फक्त पाठीचं पोट झालं. लांब दोराचा एकच पेड असा दिसेल ज्याच्याखाली अजून कुणी गेलेलं नाही. पिवळा त्याच्याखालून काढायचा. इथे शंभरातले नव्वद जण चुकतात, मीही चुकलो होतो. उलटवल्यामुळे पिवळा पेड डावीकडे लटकत असतो आणि हाताला वाटतं, डावीकडून सरळ घालावा. घालू नका. त्याला आधी उजवीकडे वळवा आणि मग उजवीकडून डावीकडेच काढा. थोडा अवघडल्यासारखा वळसा पडतो. पडू द्या, ओढला की बसतो.

थांबा आणि तपासा. तिन्ही रंग तीन वेगवेगळ्या फटींतून बाहेर आले पाहिजेत, आणि तिन्ही एकाच उंचीवर. एका फटीत दोन रंग दिसले तर उसवा. पुढे विणत गेल्यावर ती चूक आपोआप सुधारेल अशी आशा धरू नका, ती वाढत जाते. तपासून झालं की प्रत्येक पेड आधी फासाकडे आणि मग दूर, असा ओढून थिंबलच्या गळ्याशी घट्ट बसवा. इथे सैल राहिलं तर थिंबल एक दिवस निसटून पडेल. आता टेपचा वेढा काढून टाका.

पहिली फेरी झाली. पुढच्या फेऱ्यांत विचार करायला काही नाही : प्रत्येक पेड शेजारच्या एका पेडावरून आणि पुढच्या एका पेडाखालून, उजवीकडून डावीकडे. तिघांनी एकेकदा केलं की एक फेरी. एका पेडाच्या दोन फेऱ्या पुढे पळू नका, तिघांना बरोबर चालवा. अंबाडी किंवा घायपाताच्या दोराला तीन फेऱ्या पुरतात. नायलॉन आणि पॉलिएस्टर गुळगुळीत, त्यांना किमान पाच घाला. पॉलिप्रॉपिलीनला मी सहा घालतो.

ओवताना पेडाचा स्वतःचा पीळ सुटतो आणि तो पिंजलेल्या शेंडीसारखा होतो. प्रत्येक वेळी बोटांनी त्याला मूळच्या दिशेनं एक वेढा परत द्यायचा. हे एवढंसं काम टाळलं की सांधा ढेकळासारखा दिसतो आणि भारही सारखा वाटला जात नाही.

सांधा जिथे संपतो तिथे जाडी एकदम कमी झाली तर दोर नेमका तिथे वाकतो. म्हणून पाच पूर्ण फेऱ्यांनंतर प्रत्येक पेडातले एक तृतीयांश धागे कापा आणि एक फेरी घाला. उरलेल्यातले निम्मे कापा, अजून एक फेरी. सांधा उंदराच्या शेपटीसारखा निमुळता होतो. मग तो पायाखाली घेऊन चपलेनं पुढेमागे लाटा. खरंच लाटा, पेड जागच्या जागी बसतात. शेवटची टोकं दोराच्या जाडीएवढी शिल्लक ठेवून कापा. अंगाबरोबर कापलीत तर पहिल्या भारात आत ओढली जातील. कृत्रिम दोर असेल तर टोक नुसतं हलकं वितळवा, शेजारचा पेड न भाजता.

पहिला सांधा वाईटच होतो. पुतण्याला पहिल्याला पाऊण तास लागला, सहाव्याला बारा मिनिटं. तोच मीटरभर तुकडा घेऊन तोच सांधा पुन्हा पुन्हा घाला आणि उसवा, नवा दोर कापत बसू नका.

बाकीची भावंडं

टोकाचा सांधा : पेड उकलून एकेक पेड शेजारच्यावर पाडत जा आणि तिसरा पहिल्याच्या फासातून काढा. टोकावर तिपाकळी मुकुट बसतो. मग पेड खाली वळवून वरच्यासारखेच तीन-चार फेऱ्या विणा. कासरा, बादलीचा दोर यांना छान. टोक जाड होतं, म्हणून कप्पीतून धावणाऱ्या दोराला नको.

आखूड सांधा : तुटलेल्या दोराचे दोन तुकडे जोडायला. दोन्हीकडचे पेड उकलून बोटांत बोटं गुंतवल्यासारखे समोरासमोर बसवा, एका बाजूला टेप लावून दुसऱ्या बाजूनं फेऱ्या घाला, मग उलट. ताकद चांगली राहते पण जोडाशी जाडी जवळपास दुप्पट होते. दाव्याला चालेल, नांगराच्या दोराला चालेल. हॅलियार्ड तुटला असेल तर जोडत बसू नका, नवा आणा.

विणीचे दोर

होडीवर हल्ली तीन पेडी दोर कमी आणि विणीचे जास्त दिसतात, कारण ते हाताला मऊ असतात आणि पीळ खात नाहीत. यात दोन प्रकार नवशिक्यानं वेगळे ओळखायचे.

एक, आत गाभा आणि वर वेगळी विणलेली खोळ. याचा सांधा म्हणजे गाभा खोळीत आणि खोळ गाभ्यात ओवायची. पोकळ फिड लागते, मापं अचूक लागतात, एका फिडची लांबी दोराच्या जाडीच्या सुमारे २१ पट धरतात. वापरून कडक झालेल्या जुन्या दोराला हा सांधा घालणं म्हणजे दगडात सुई घालणं. माझं स्पष्ट मत, पहिल्या वर्षी याच्या नादी लागू नका. नव्या हॅलियार्डच्या टोकाला बोलाइन मारून काम भागवा आणि तीन पेडीवर हात बसू द्या.

दोन, डायनिमासारख्या कृत्रिम धाग्याचा बारा पेडी पोकळ दोर. तो तरंगतो, जवळजवळ ताणत नाही, आणि जाडीच्या मानानं अफाट ताकदवान असतो. पण इतका निसरडा की त्यात मारलेली गाठ सरकते, आणि गाठीनं त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. त्याला सांधाच हवा. गंमत म्हणजे हा सांधा सगळ्यात सोपा आहे. दोर आखडून धरला की फुगतो आणि मधून पोकळ होतो. टोक त्याच्या पोटात ओवायचं आणि ओढ दिली की बाहेरचा भाग आतल्याला आवळतो, सापानं गिळलेल्या उंदरासारखं. सावधगिरी एकच, आत जाणारी लांबी कमी पडता कामा नये. जाडीच्या ७२ पट हा भरवशाचा आकडा. म्हणजे ५ मिलिमीटरच्या दोराला ३६ सेंटिमीटर. आत जाणारं टोक धागे कापून निमुळतं करा. दोर सैल असताना टोक बाहेर सरकू शकतं, म्हणून गळ्याशी दाभणानं आरपार चार-सहा टाके घाला. हा धागा १५० अंशांच्या आसपासच वितळतो, तेव्हा मेणबत्ती लांब ठेवा.

पाण्यात नेण्याआधी

सांध्याची परीक्षा जमिनीवर घ्या. आमच्या निंबाच्या फांदीला चेन पुली आहे. फास तिच्या हुकाला, दोराचं दुसरं टोक धान्याच्या पोत्यांना. हळूहळू उचला, पाच मिनिटं टांगून ठेवा, उतरवा, आणि प्रत्येक पेड जागेवर आहे का पाहा. थोडा ताणला जाऊन सांधा घट्ट होईल ते ठीक. टोकं आत सरकली असतील तर फेऱ्या कमी पडल्या. ट्रॅक्टरनं ओढून बघायचा मोह होतो, पण नायलॉन ताणलेल्या अवस्थेत तुटला तर चाबकासारखा उलटा येतो, माणूस जायबंदी करतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीच उभं राहू नका, ना जमिनीवर ना होडीत. आणि दोर कितीला तुटतो हा आकडा दुकानदारानं सांगितला तर रोजच्या कामाला त्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी धरा. माणूस विहिरीत उतरवायला शिकाऊ हाताचा सांधा वापरायचा नाही, मग तो कितीही देखणा असो.

लहान होडीसाठी मोजणी अशी. शीट हाताला रुतू नये म्हणून ८ ते १० मिलिमीटरची, विणीच्या पॉलिएस्टरची. ताकद कमीवर भागेल, तळहात भागणार नाही. तिच्या मोकळ्या टोकाला इंग्रजी आठाची गाठ मारा म्हणजे ती कप्पीतून निसटत नाही. इथे गाठच योग्य, कारण ती पुन्हा सोडायची असते. हॅलियार्डची लांबी डोलकाठीच्या दुप्पट आणि वर बांधायला थोडी. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट, एका टोकाला थिंबलसह डोळा, तो साखळीला. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा हा या लेखाचा विषय नाही. त्या तारांची टोकं यंत्रावर दाबून घेतात, घरी हातानं करू नका.

दोर नदीतून आला की स्वच्छ पाण्यानं धुवा, कारण गाळाची रेती पेडांत शिरून आतून कानस लावते. वाळवायचा सावलीत. आपल्याकडे मार्च उजाडला की ऊन दोर खायला लागतं, म्हणून धाब्यावर नको, पडवीत खुंटीला. महिन्यातून एकदा पीळ उलटा फिरवून पेडांच्या आत डोकवा. आत धागे उजळ आणि लांब असतील तर दोर जिवंत आहे. भुकटी दिसली, काही पेड कडक चकचकीत झाले असतील किंवा एखादी जागा बारीक पडली असेल, तर तो दोर होडीवरून उतरवा.

आणि उतरवलेला दोर अख्खा ठेवू नका. हात-हातभर लांबीचे तुकडे करा. मी एकदा नुसता कोपऱ्यात टाकला होता. आठवड्यानं पाहिलं तर घरातल्या कुणीतरी त्यालाच म्हशीचं पारडू बांधलं होतं, आणि पारडू आबांच्या मेथीत होतं.